शेवटचे दोन पाय

१

माझं काम गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं. चाळीस वर्षं तेच करतो आहे आणि चांगलं करतो. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायच्या फंदात पडत नाही. लोक माझ्या कामावर बसतात आणि विसरून जातात. कव्हर चांगलं असल्याची तीच खूण. गाडीत बसल्यावर तुम्हाला कव्हर आठवलं, तर शिवणाऱ्याने कुठेतरी माती खाल्ली असं खुशाल समजा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मधे कापायचं टेबल, उजव्या भिंतीला मशीन, वर माळ्यावर फोमच्या कात्रणांची पोती. दुपारी साडेबाराला शाळा सुटली की माझी नात इथे येते आणि पाचपर्यंत, तिची आई सुटेपर्यंत, इथेच असते. आई म्हणजे माझी लेक. ती दवाखान्यात लोकांचं रक्त काढते, त्यामुळे घरीसुद्धा तिचा चेहरा 'हलू नका' असाच असतो. जावई बोटीवर. एकदा गेला की चार महिने उगवत नाही. राहता राहिलो मी, आणि मला नातीबरोबर दुपार काढण्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

नात पाच वर्षांची. खरं नाव मोठं आणि छान आहे, पण मी तिला मुंगी म्हणतो, कारण ती नेहमी भिंतीच्या कडेकडेने चालते. आधी मला त्यात गंमत वाटायची. मग एकदा मी विचारलं, "काय गं, मधून चालायला पैसे पडतात का?"

"मधून चाललं की माझ्या मागे रिकामं असतं, आबा," ती म्हणाली. बाहेर ऊन आहे, हे सांगावं तशा आवाजात.

तिला अंधाराची भीती नाही, कुत्र्याची नाही, सुईची तर नाहीच. मागच्या रिकाम्या जागेची आहे. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात तिला ढग केलं होतं. तिने स्टेजवर जायच्या ऐवजी पडद्यात पाठ खुपसली आणि पडदा असा घट्ट धरला, की तिला ओढायला गेल्यावर पडदा, दांडा आणि दांड्यावरचे दोन दिवे असं सगळं खाली आलं. लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसलो, उगीच खोटं कशाला बोलू? पण ती त्यानंतर आठ दिवस बोलली नाही.

यंदा बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी मुलं मोठ्या शाळेत जाणार, तिथे वर्गात चाळीस जण, बाक मधोमध. "ही अशी भिंत धरून राहिली तर मी तिला पुढे कशी पाठवू? या कार्यक्रमात बघू. नाही जमलं तर आणखी एक वर्ष माझ्याकडेच ठेवू."

लेक दुकानात आली, टेबलाला टेकली आणि ढसाढसा रडली. मुंगी तेव्हा फोमच्या पोत्याला पाठ लावून केळं खात होती. तिने सगळं ऐकलं.

२

यंदाचा विषय होता बाग. बाईंनी मुंगीला फुलपाखरू दिलं. मुंगीने ते परत केलं.

"मी सुरवंट होणार."

"का गं? फुलपाखराला पंख असतात, चमचम असते," मी म्हणालो. खरं तर चमचमीचं कापड माझ्याकडे फुकट पडलं होतं. कुणा हौशी माणसाने गाडीसाठी मागवलं आणि बायकोने नको म्हटलं.

"फुलपाखराच्या मागे रिकामं असतं. सुरवंटाच्या मागे सुरवंटच असतो."

मी मशीन थांबवलं.

"म्हणजे तुझ्या मागे कोणीतरी पाहिजे, असंच ना?"

"हो. पण खरं पाहिजे."

"असेल की!"

"खरं असेल?"

"अगं, आबा सांगतोय म्हणजे असेल. शब्द."

मुलांना आपण दिवसाला असे दहा शब्द देतो. डॉक्टर टोचणार नाही, बाबा लवकर येणार, दूध गार झालंय. मी दिला आणि कामाला लागलो. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. आयुष्यभर लोकांच्या बुडाखालच्या वस्तू शिवल्या; आता पहिल्यांदाच कुणाच्या अंगावर चढेल, टाळ्या घेईल असं काहीतरी शिवायचं होतं.

शिंपी असता तर त्याने टेप काढून छाती, कंबर मोजली असती. मी तिला टेबलावर बसवलं आणि मला येतात ती मापं घेतली. बैठक, पाठ, गुडघ्यापासून खाली. मापाची दोरी गुदगुल्या करते म्हणून ती खिदळत होती, आणि हलू नकोस म्हणता म्हणता मीही.

एकूण सहा भाग ठरले. मुंगी त्यांना डबे म्हणाली. पहिल्या डब्यात ती स्वतः, मागचे पाच भरीव, एकाला एक जोडलेले. प्रत्येकाला दोन पाय, म्हणजे बारा. पहिले दोन तिचे स्वतःचे, बाकीच्या पायांसाठी तिचेच जुने मोजे. आमच्या धंद्यात एका सीटचं माप घेतलं की बाकीच्या त्याच मापाने कापतात. मीही तसंच केलं. पाचही डबे मुंगीच्याच मापाचे कापले.

३

कापड पोपटी, व्हॅनच्या सीटमधून उरलेलं. पाठीवर काळ्या लोकरीचे केस. ते मुंगीने स्वतः ओवले, जीभ बाहेर काढून. चार दिवस आमचं दुकान म्हणजे नुसती धमाल होती. शेजारचा चष्मेवाला दर तासाला डोकावून जायचा, चष्मा कपाळावर चढवून. "आबा, याला लायसन लागतं का?" असं विचारून एक केस ओढायचा आणि मुंगीच्या शिव्या खायचा. तिच्या शिव्या म्हणजे 'बटाट्या' आणि 'चपट्या'.

कव्हर शिवायची एक रीत असते. तीन बाजू मशीनवर शिवायच्या, सुलट करायचं, फोम भरायचा, आणि चौथी बाजू उघडी ठेवून रात्रभर बसू द्यायचं. फोम बसतो, खाली जातो. मग वरून थोडा आणखी भरून चौथी बाजू दाभणाने हाताने शिवायची. घाई केली तर महिन्याभरात सीटवर खड्डा. फोम हा खाली जाणारच. वर येणारा फोम मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे तोपर्यंत तरी पाहिला नव्हता.

चार डबे भरले, चारांचे मोजे भरून, तोंड शिवून खाली टाचले. पाचव्याला आलो तेव्हा पोत्यात कात्रणं संपत आली होती. जेमतेम दोन मुठी. त्या डब्यात टाकल्या. मोज्यांत भरायला काहीच उरलं नाही. संध्याकाळ झाली होती, लेक दारात उभी होती, मुंगी खाऊचा डबा आवर, पिशवी आवर करत होती. मी म्हटलं, पाय आत्ता नुसते जोडून ठेवू, उद्या वरूनच भरू. म्हणून ते दोन मोजे मी न भरता, न बंद करता तसेच डब्याला शिवले. आत हात घातला तर तो सरळ मोज्याच्या टोकापर्यंत जायचा.

ही चूक शिंप्याने केली नसती. चड्डी कशी असते ते त्याला कळतं. मला कळलं नाही. मुंगीच्या मापाचं धड, खाली मोकळे दोन पाय, मागून आत शिरायला एक बाजू उघडी. बसायच्या वस्तू शिवणाऱ्या माणसाने नकळत एक घालायची वस्तू शिवून टेबलावर ठेवली, शटर ओढलं आणि घरी गेला.

४

सकाळी शटर वर केलं. टेबलावर सुरवंट होता तसाच होता. चार डबे रीतीप्रमाणे थोडे बसले होते. पाचवा वर आला होता.

मी जवळ गेलो. रात्री ज्यात दोन मुठी होत्या तो डबा चांगला भरला होता. मोजेही भरले होते, टाचेपर्यंत. मी वरून दाबून पाहिलं. फोम दाबला की हाताला कळतो, तो हवा सोडतो. हा दाबला गेला आणि हळूच परत आला, एवढंच.

लेकीकडे दुकानाची दुसरी किल्ली असते. मनात आलं, बिचारीने सकाळी कामावर जाताना भरून टाकला. मला भरून आलं. फोन लावला.

"अगं, कशाला त्रास घेतलास? मी केलं असतं."

"कशाचा त्रास?"

"शेवटचा डबा भरलास ना?"

"बाबा, मी सहाला रक्ताच्या बाटल्या मोजत होते. तुम्हीच भरला असाल. हल्ली तुम्ही चष्मा कुठे ठेवता ते तरी आठवतं का?"

हेही खरंच. परवाच मी फ्रीजमधून चष्मा काढला होता. मी ठरवलं की मीच भरला. पण मग कात्रणं कुठून आणली, हा प्रश्न उरला. पोतं रिकामं होतं. त्याचं उत्तर मला सापडेना, म्हणून मी चहा मागवला.

चार डब्यांच्या चौथ्या बाजू शिवून झाल्या. आता पाचव्याची शिवून टाकायची, एवढंच काम उरलं होतं. दाभणात दोरा ओवला. शिवण्याआधी आत हात घालून फोम सारखा करतात, कोपऱ्यांत गोळे राहू नयेत म्हणून. चाळीस वर्षांत मी तो हात घातला नाही असं एकही कव्हर नाही.

मी हात फटीपर्यंत नेला. कापड आतून कोमट होतं. म्हटलं, ऊन येतंय खिडकीतून. खिडकीतून ऊन दुपारी तीननंतर येतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी दाभण खाली ठेवलं आणि एका टेम्पोवाल्याचं काम पुढे घेतलं.

५

साडेबाराला मुंगी आली, भिंतीला घासत. सुरवंट बघून टाळ्या पिटल्या. पुढच्या डब्यात शिरली, हात बाहेर काढले, डोक्यावर शिंगांची टोपी घातली. मागचे डबे तिच्यामागे जमिनीवर लोळत होते, आणि ती दुकानभर फिरली. भिंतीने नाही, मधून. टेबलाला वळसा घालून, मशीनला वळसा घालून, पुन्हा मधून. मी आणि चष्मेवाला दोघं तोंडात बोटं घालून बघत राहिलो. मला तर नाचावंसं वाटत होतं. गुडघे नाही म्हणाले, नाहीतर नाचलोच असतो.

संध्याकाळी तो पुसून ठेवताना मी पाय बघितले. पहिले आठ मोजे वरच्या बाजूने मळले होते, घासले गेले होते. लोळत गेलेल्या गोष्टी तशाच मळतात. शेवटचे दोन, पांढरे, वरून स्वच्छ होते. मी ते उलटून बघितले. तळवे काळे. टाच काळी, चवड्याखाली काळं, पाच बोटांचे पाच ठिपके, आणि मधला खळगा पांढरा.

मी सुरवंट तसाच चष्मेवाल्याकडे नेला. त्याचं सगळं आयुष्य लोकांना नीट दिसावं यात गेलेलं आहे.

"काय दिसतं?"

त्याने भिंग लावलं. "मळके मोजे."

"अरे, पण कसे मळलेत?"

"चालून." मग तो हसला. "पोरीचेच जुने मोजे ना? पोरगी घालून फिरली असेल कधी काळी. धुतले नसतील नीट."

मी स्वतः धुतले होते, दोनदा. पण त्याचं म्हणणं इतकं सोपं होतं की मी ते घेतलं आणि परत आलो. माणसाला कधी कधी उत्तर नको असतं, नुसतं घरी घेऊन जायला काहीतरी हवं असतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याचं कव्हर शिवताना मशीन थांबलं की मागे, सुरवंट ठेवला होता त्या टेबलाखालून एक आवाज यायचा. टप, टप. मशीन सुरू केलं की बंद. नळ म्हणावा तर दुकानात नळ नाही. मी मुंगीकडे पाहिलं. ती समोर बसून चित्र रंगवत होती, पाय पोटाशी घेऊन.

"मुंगे, तुला काही ऐकू येतं?"

"हो," ती रंगवता रंगवता म्हणाली. "त्याला बसून कंटाळा आलाय."

मी लगेच रेडिओ लावला, चांगला मोठ्याने.

६

कार्यक्रमाच्या दिवशी चष्मेवाला त्याच्या गाडीतून आम्हाला सोडायला आला. लेक परस्पर येणार होती. मागच्या सीटवर एका खिडकीशी मी, मधे मुंगी, दुसऱ्या खिडकीशी सुरवंट, घडी घालून, शेवटचा डबा सीटला टेकवून. मुंगी वाटभर गात होती, शब्द तिचेच, चाल कशाचीच नाही. चष्मेवाला स्टिअरिंगवर ठेका धरत होता. रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघून हसत होते. आयुष्यातल्या चांगल्या सकाळी मोजायला बसलो तर ती पहिल्या पाचात येईल.

शाळेपाशी उतरलो, मुंगी उतरली, मी सुरवंट उचलून घेतला. आणि सवयीने सीटकडे बघितलं. त्या गाडीची कव्हरं मीच शिवलेली आहेत.

सीटवर सामान ठेवलं तर खड्डा पडतो तो वेगळा, माणूस बसला तर पडतो तो वेगळा. सामानाचा खड्डा सपाट आणि कडेला तुटक. माणसाचा दोन वाट्यांचा असतो, पुढे मांड्यांच्या दोन चरी, मागे पाठीला एक लांबट दाब. मी नुसत्या खड्ड्यावरून वजन सांगतो, पैज लावून सांगतो. इथे खिडकीशी दोन छोट्या वाट्या होत्या. चरी सीटच्या काठाच्या आधीच संपत होत्या, म्हणजे पाय खाली टेकत नव्हते. सोळा किलो. फार तर सतरा.

मुंगीचं वजन सतरा आहे. पण मुंगी मधे बसली होती, आणि तिच्या खड्ड्याच्या बाजूलाच तो दुसरा होता. माझ्या हातातला सुरवंट सगळा मिळून तीन किलोंचा नव्हता.

माझ्या डोळ्यांदेखत फोम हळूहळू वर आला आणि सीट सपाट झाली.

"काय झालं आबा, कव्हर फाटलं का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही रे. चांगलं बसलंय," मी म्हणालो.

७

स्टेजच्या मागे नुसता गोंधळ. एक गाजर रडत होतं, दोन मधमाश्या एकमेकींना टोचत होत्या, आणि सूर्यफुलाला शी आली होती. बाई यादी घेऊन धावत होत्या. मी मुंगीला सुरवंट घातला, पाठीवरचे पट्टे बांधले, शिंगं सरळ केली. मागचे डबे जमिनीवर पडले होते. शेवटच्या डब्याची चौथी बाजू अजून उघडीच होती. दाभण माझ्या खिशात होतं. कात्रीही होती.

आता खरं सांगतो. मी कात्रीला हात घातला होता. तो शेवटचा डबा चार टाक्यांनी जोडलेला होता. कच कच केलं असतं तर दोन सेकंदांचं काम. पोरगी माझी, पाठ तिची. मागे काय आहे ते मला माहीत नाही आणि मी तिला ते बांधून देतोय. कोणता शहाणा आजोबा असं करेल?

तेवढ्यात बाईंनी हाक मारली, "सुरवंट!"

मुंगी हलली नाही. पडद्याच्या फटीतून तिला लोक दिसले होते. तिची पाठ हळूहळू मागे सरकायला लागली, भिंत शोधत. तिथे भिंत नव्हती. मी ओळखलं, आता पडदा धरणार.

"आबा," ती म्हणाली. तिने मान वळवली नाही. "मागे आहे ना?"

दुकानात मी हे म्हणालो होतो तेव्हा ती एक थाप होती, आणि म्हणायला काही मोल पडलं नव्हतं. आता मला ठाऊक होतं की ते खरं आहे. खरं बोलायला इतका धीर लागतो हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

"आहे," मी म्हणालो. "खरंच आहे."

मी कात्री सोडली. मुंगी चालायला लागली.

पहिला डबा गेला, दुसरा तिच्यामागे घसटत निघाला, तिसरा, चौथा, पाचवा. मग जमिनीवर पडलेला शेवटचा डबा उठला. दोन पांढरे मोजे खाली टेकले, एकदा अडखळले, आणि चालायला लागले. मुंगीची पावलं आणि ती पावलं एकदम पडत होती. दोरी दोन्ही टोकांनी धरल्यासारखे मधले डबे हवेत झुलत होते.

सभागृहात असा जल्लोष झाला की छताचा धुरळा पडला म्हणतात. मुंगी स्टेजच्या बरोबर मधोमध गेली. तिथे थांबली. तिने दोन ओळी म्हटल्या, खणखणीत, पान खाण्याबद्दल काहीतरी. मला ऐकू आल्या नाहीत, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या रांगेत माझी लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिचा चेहरा बिलकूल 'हलू नका' असा नव्हता.

मग मुंगी वळली. वळताना सुरवंटाची शेपटी माझ्या बाजूला आली, हातभर अंतरावर. चौथी बाजू मला समोर दिसत होती. उघडी बाजू लोंबायला हवी होती, पण ती मिटलेली होती. आतून कोणीतरी ती दोन्ही काठ जुळवून धरली होती. चार बोटं, लहान, काठाच्या बाहेर आलेली. नखं मुलांची कापतात तशी आखूड कापलेली. धरून धरून ती पांढरी पडली होती.

तेही घाबरलं होतं. इतक्या लोकांसमोर तेही पहिल्यांदाच आलं होतं.

८

मुंगी आत आली ती उड्या मारतच. मी पट्टे सोडले, ती डब्यातून बाहेर पडली. घामाघूम, लालबुंद.

"मुंगे," मी अगदी हळू विचारलं, "तुझ्या मागे कोण होतं गं?"

"मला काय माहीत? मी मागे बघितलंच नाही. तू म्हणालास ना, आहे!"

आणि ती पळाली. पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या मोकळ्या वाटेने, सगळ्या सभागृहाच्या मधोमध, पाठीला काहीही नसताना, सरळ आईकडे. लेकीने तिला उचलून गरगर फिरवलं. मग दोघी माझ्याकडे बघून ओरडल्या, "आम्ही बाहेर आईस्क्रीम खातोय, ते सगळं घेऊन या!" आणि गेल्या. मुंगीने एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

बाई धावत आल्या. "आजोबा, कमाल केलीत! पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत, काही प्रश्नच नाही. पण ते मागचं दुसरं मूल कुणाचं? माझ्या यादीत नव्हतं. त्याच्या घरचे आलेत ना?"

"बघतो," मी म्हणालो.

गाजराला त्याचे बाबा घेऊन गेले. मधमाश्यांना त्यांची मावशी. सूर्यफूल धुऊन-पुसून आजीच्या खांद्यावर गेलं. एक एक करत सगळी बाग उचलली गेली. मी बाकावर सुरवंटाशेजारी बसून होतो. पहिले पाच डबे पडले होते तसेच पडले होते. शेवटचा बाकाच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून. मोजे खाली लोंबत होते आणि हलत नव्हते.

मला अजून भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण दरवाज्याकडे बघत बघत वीस मिनिटं गेली आणि कोणी आलं नाही. मग भीती जराशी बाजूला झाली आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. एवढं मोठं काम केलेल्या पोराला कोणी शाब्बासही म्हटलं नव्हतं.

"छान चाललास," मी म्हणालो. "का चाललीस. जे असेल ते. फार छान."

शिपाई किल्ल्या घेऊन आला. "आबा, बंद करतो."

मी चार टाके उसवले. बाकीचे डबे खांद्यावर टाकले. शेवटचा मात्र दोन्ही हातांनी उचलला आणि कडेवर घेतला. त्याचं वजन खड्ड्यावरून सांगितलं होतं तेवढंच होतं, किंवा थोडं जास्तच. जागी मुलं हलकी लागतात. माझ्या खांद्यावर डोकं टेकावं तसा त्याचा वरचा भाग टेकला, आणि मानेपाशी कोमट श्वास लागला, संथ, एकसारखा.

मी दार पायाने ढकललं आणि पायऱ्या अगदी हळू उतरलो, जाग येऊ नये म्हणून.